गॅरेजचा दिवा कुणी लावायचा?

आमच्या गॅरेजात एक पत्र्याचा डबा आहे. मूळचा बिस्किटांचा, आता त्यात उरलेले नट-बोल्ट असतात. कुठल्याही गाडीचं काम झालं की दोन-तीन नट हमखास उरतात. ते कुठले, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि गाडी तर चालू होऊन निघून गेलेली असते! फेकवत नाहीत म्हणून डब्यात जातात. किश्श्यांचंही तसंच होतं. माझ्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, पण माझा डबा भरत आलाय.

माहेरी शिनोलीला गेले की मैत्रिणी विचारतात, "सासर कसं आहे गं?"

मी म्हणते, "चांगलं आहे. फक्त संध्याकाळी जरा अंधार असतो."

मग त्यांचे चेहरे पडतात, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

*

पिंपळवंडीच्या पुढे रस्त्याला लागून आमचं गॅरेज. ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकल, जे बंद पडेल ते आमच्याकडे येतं. आधी गॅरेज झालं, मग त्याच्या पाठीला चिकटवून घर बांधलं. त्यामुळे घराचं दार उघडलं की माणूस थेट गॅरेजात! समोर रस्त्याच्या बाजूला शटर, शटरशेजारी भिंतीवर ट्यूबचं बटण. आणि आमचं दार आणि ते बटण यांच्या बरोब्बर मध्ये खड्डा. गाडीच्या खालून काम करायला खणलेला, माणूस आत उभा राहिला तर नुसतं डोकं दिसेल एवढा खोल. शटरसमोर चिंचेचं मोठं झाड, सूर्य मावळतो घराच्या मागे. बाहेर चांगलं दिसत असतं तेव्हा आत काळोख झालेला असतो.

लग्नाची वरात शटरमधूनच आत आली. खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या आणि कडेनं झेंडूची माळ सोडली होती. ती सजावट दत्तूभाऊंची. दत्तूभाऊ म्हणजे आमचे मिस्त्री, माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, हाताखाली तयार झालेले.

मी शालू सावरत फळीवर पाय ठेवला. फळी करकरली. पलीकडे उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवून सासूबाई उभ्या होत्या.

"जपून गं बाई!" त्या म्हणाल्या. "आदी खड्डा वलांड, मग माप!"

मागून दत्तूभाऊ नवरदेवाला म्हणाले, "तू थांब रे. फळी दोघांचं वजन घ्यायची न्हाई."

त्यामुळे गृहप्रवेश मी एकटीनंच केला.

*

गॅरेजचा एक नियम आहे. तिन्हीसांजेला मारुतीच्या देवळातली घंटा वाजली की ट्यूब लावायची, आणि ती नानांनीच लावायची. दुपारची झोप झाली की नाना घरातून येणार, डावा हात भिंतीवर ठेवून खड्ड्याच्या कडेनं अंधारातून पलीकडे जाणार, घंटेची वाट बघणार आणि बटण दाबणार. ट्यूब दोन-तीनदा लुकलुकते, जरा विचार करते, मग पेटते. पेटली की सगळ्यांनी हातातलं खाली ठेवून तिला हात जोडायचे. हात ग्रीसनं भरलेले असतील तर नुसती मनगटं जोडायची.

एका संध्याकाळी लाईटनं फारच खेळ मांडला. आली, गेली, आली, गेली. दत्तूभाऊ ट्रॅक्टरखाली खड्ड्यात उभे. दर वेळी लाईट आली की ते पान्हा सोडून हात जोडायचे, आणि पान्हा दर वेळी त्यांच्याच पायावर पडायचा. शेवटी त्यांनी खालूनच विचारलं, "नाना, आलेल्या परत्येक लायटीला नमस्कार करायचा का?"

नानांनी चिमूटभर तपकीर ओढली. नाना बोलायच्या आधी तपकीर ओढतात, आणि बऱ्याचदा तपकीर ओढून झाली की बोलतही नाहीत. त्या दिवशी बोलले.

"पावणा घरी आला की पाय धुवायला पाणी देतो का न्हाई?"

"देतो."

"मग त्यो परसाकडं जाऊन आला तर परत देतो का?"

तेव्हापासून नमस्कार फक्त पहिल्या लाईटला.

*

नाना एकदा लग्नाला ओतूरला गेले आणि संध्याकाळी वेळेवर परतले नाहीत. घंटा वाजून गेली. अंधार झाला. शटरमधून हात घातला असता तरी बटण लागलं असतं! पण दत्तूभाऊ खड्ड्यात उतरून, पायरीवर बसून राहिले. बाहेरच्या बाजेपेक्षा खड्ड्यात गार लागतं म्हणून.

तेवढ्यात बेल्ह्याच्या बाजारातून परतणारा एक गुरांचा व्यापारी मोटारसायकल ढकलत आला. गॅरेज उघडं, माणूस दिसेना. "कोण हाय का आत?" असं म्हणत तो आत शिरला, आणि धप्पकन दत्तूभाऊंच्या शेजारी येऊन पडला. नशीब, खाली पोत्यांचा ढीग होता.

तो बोंब मारणार एवढ्यात अंधारातून शांत आवाज आला.

"या पावणं. सरकून बसा, जागा हाय."

व्यापारी वर यायलाच तयार होईना. वर आल्यावरही त्यानं पहिल्यांदा गाडीचं नाही, दिव्याचं विचारलं. "राव, बटण तर हितंच हाय की! दाबलं का न्हाई?"

दत्तूभाऊ म्हणाले, "मालक लग्नाला गेल्यात."

व्यापाऱ्यानं हे बेल्ह्याच्या बाजारात सगळ्यांना सांगितलं. आता तिकडून गाडी घेऊन येणारी माणसं शटरशी उभी राहून आधी विचारतात, "मालक हायेत का? मग आत येतो."

*

सासूबाईंना मी आई म्हणते. आईंचं उजवं मनगट जरा वाकडं आहे. माझ्या लग्नाच्या आधी कधीतरी त्या तिन्हीसांजेला, दिवा लागायच्या आत, चहा घेऊन गॅरेजात निघाल्या आणि खड्ड्यात गेल्या. मनगट मोडलं. जुळलं ते असं.

हा किस्सा त्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात, पण दुखण्याबद्दल एक शब्द नाही. वाकडं मनगट डोक्याच्या वर नेऊन दाखवतात. "किटली मी अशी वर धरली व्हती! चार कप चहा व्हता. थेंब सांडला न्हाई!"

दत्तूभाऊ साक्षीदार. "खरंय. आमी आदी किटली घेतली, मग आईंना."

सगळे हसतात. मीही पहिल्यांदा हसले. मग स्वयंपाकघरात येऊन विचार करत बसले. चहा आता मी नेते.

रात्री जेवताना मी आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, आपल्या दाराशी एक बटण बसवलं तर?"

"नानांना विचार." आमचे हे गिअरबॉक्स उघडायला कुणाला विचारत नाहीत. बाकी सगळं नानांना विचार.

नाना समोरच बसले होते. मी पदर नीट केला. "नाना, दाराशी एक बटण..."

"हाय की बटण."

"ते पलीकडं आहे ना."

"मग पलीकडं जायचं."

मला वाटलं, विषय संपला. पण भाकरी मोडता मोडता नाना म्हणाले, "गॅरेजचा दिवा घरातनं लागला, तर गिऱ्हाईक म्हनंल, ह्यांचं गॅरेज चुलीपासनं चालतंय."

आख्ख्या पंचक्रोशीतल्या ट्रॅक्टरांचे हेडलाईट इथून दुरुस्त होऊन जातात, आणि आमचं आम्ही चाचपडत चालतो! दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी रोज संध्याकाळी ओलांडते, हातात किटली घेऊन.

दुसऱ्या दिवशी दत्तूभाऊंनी मला बाजूला घेऊन समजावलं. "वहिनी, तुमी नव्या हाय. दिवा लावणं म्हंजे मालकी असती. नाना आता पान्हा धरत न्हाईत, हिशोब तुमच्या मालकाकडं गेला. त्यांच्याकडं उरलंय काय? तेवढं बटण."

मला काही नानांचं बटण नको होतं. नानांनी रोज अंधारात त्या कडेनं चालू नये, एवढंच हवं होतं. पण ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सांगायचं कसं, ते मला समजेना.

*

मग चप्पल पडली.

मी दारात उभी होते, चहा घेऊन, दिव्याची वाट बघत. नाना भिंतीला हात लावून चालले होते. अंधुक दिसत होते, मग दिसेनासे झाले. मग आवाज आला. टप्!

किटली हातात तशीच. वाकून अंधारात बघितलं, काही दिसेना.

मग अंधारातून पावलं पुढं गेली. एक पाऊल वाजत होतं, एक वाजत नव्हतं. घंटा झाली, ट्यूब लुकलुकली आणि पेटली. नाना बटणाशी उभे होते, डोळे मिटून, हात जोडून, एक पाय अनवाणी!

जणू काही झालंच नाही अशा चालीनं परत आले आणि चहा प्यायला बसले. आईंनी पायाकडे पाहिलं.

"एक चप्पल कुटं हाय?"

नाना म्हणाले, "खाली गेलीया. कामाला."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. आईंनी बशी खाली ठेवली. वाकडं मनगट पुढं केलं. "हे माझं झालं ते झालं. तुमचा पाय मोडला, तर खड्ड्यात उतरून तुमाला वर काढणार कोण? मी हात देईन, पर ह्योच देईन. चालंल?"

नानांनी तपकीर ओढली. बोलले नाहीत. आमच्या घरात नाना बोलले नाहीत म्हणजे 'हो' असं धरतात.

*

दुसऱ्याच दिवशी वायरमन आला. गुलाबभाऊ. कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर, आणि आल्या आल्या, "आदी चहा, मग करंट!"

नानांनी अट घातली. "जुनं बटण हलवायचं न्हाई."

"हलवतंय कोण? तुमी तिकडनं लावा, वहिनी हितनं विझवतील. वहिनी हितनं लावतील, तुमी तिकडनं विझवा. टू-वे! जिन्याचं कनेक्शन म्हनत्यात त्याला."

"आमच्यात जिना न्हाई."

"जिना कशाला पायजे, नाना? दोन टोकं असली म्हंजे झालं."

नानांना ते पूर्ण पटलं होतं असं नाही, पण गॅरेजवाल्यानं वायरमनला जास्त विचारायचं नसतं. त्यांनी जाणकारासारखी मान हलवली. वायर खड्ड्याला वळसा घालून वरून गेली, भिंतीवर पांढरी पट्टी बसली, जुन्या जागी नवं टू-वे बटण आलं. मग आमच्या दाराशी बटण किती उंचीवर, यावर वाद झाला. नाना म्हणाले, वर. आई म्हणाल्या, वर माझा हात पोचत न्हाई. आमचे हे म्हणाले, नानांना विचारा.

शेवटी नाना माझ्याकडे वळले. "सूनबाई, हितं उभी ऱ्हा बरं. हातात किटली असल्यावानी."

मी उभी राहिले. गुलाबभाऊंनी माझ्या कोपराशी भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. लग्नानंतर ह्या घराच्या भिंतीवर माझं असं काही पहिल्यांदाच उमटलं होतं.

भर दुपारी चाचणी झाली. इकडून लावली, तिकडून विझवली. तिकडून लावली, इकडून विझवली. आईंनी तर भाजी करपेपर्यंत लावली-विझवली. मग पदर खोचून जाहीर केलं, "आता तुमी तिकडं जायाचं न्हाई. आजपासनं सूनबाई हितनं लावंल."

नानांनी तपकीर ओढली. बोलले नाहीत.

*

त्या संध्याकाळी नाना चहा लवकर पिऊन, अजून उजेड असतानाच बाहेर पडले. मला वाटलं, देवळाच्या पारावर गेले असतील. जरा वाईटही वाटलं.

खड्ड्यावर मोठा ट्रॅक्टर उभा होता, खाली दत्तूभाऊ. हवेचा कॉम्प्रेसर घरघरत होता. मारुतीची घंटा वाजली. मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

ट्यूब एकदा लुकलुकली आणि बसली.

परत दाबलं. परत एक लुकलुक, परत अंधार. खालून दत्तूभाऊ म्हणाले, "वहिनी, पेटवताय का इजवताय?"

मी घाबरून ह्यांना हाक मारली. हे आले, एकदा दाबलं, ट्यूब झगझगीत पेटली! "मला तर लागली." तेवढ्यात शटरकडून नाना आले, जणू रस्त्यावरूनच येतायत.

"काय झालं? लागत न्हाई व्हय?" त्यांनी ट्यूबकडे बघत मान हलवली. "जुन्याला असं कदी झालं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही दिवशी तेच. गुलाबभाऊंना निरोप गेला. त्यांनी दुपारी येऊन पाहिलं, सगळं ठीक. स्टार्टर बदलला. संध्याकाळी तेच. चोक बदलला. तेच. ट्यूबच नवी आणली. नवी ट्यूबही एकदा लुकलुकून बसली! शेवटी ते स्वतः तिन्हीसांजेला ट्यूबखाली शिडीवर चढून बसले, वर नजर लावून. घंटा वाजली. लुकलुक. अंधार.

शिडीवरून खाली उतरताना त्यांचा आवाज बदलला होता. "नाना, दोष लायटीत न्हाई. दोष येळेत हाय."

दत्तूभाऊ धावत जाऊन चिंचेखालच्या टेम्पोचं लिंबू-मिरची सोडून घेऊन आले आणि माझ्या बटणाला बांधू लागले.

नाना गंभीरपणे म्हणाले, "दोन बांध. एक त्याबी बटणाला."

*

एके दिवशी दत्तूभाऊ दुरुस्त झालेला टेम्पो पोचवायला बेल्ह्याला गेले. कॉम्प्रेसर बंद, हातोडा बंद. गॅरेजात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

घंटा वाजली. लिंबू-मिरची बाजूला सारून मी बटण दाबलं. टक्.

आणि ट्रॅक्टरच्या पलीकडून, शटरजवळून, दुसरं टक् ऐकू आलं.

ट्यूब लुकलुकली आणि विझली. अंधारात मी श्वास धरून उभी राहिले. तिकडंही कुणीतरी श्वास धरून उभं असावं. मग तो सुटला, शिंक होऊन. तपकिरीची शिंक!

मी बटणावरचा हात काढला. हे शेतावर होते. मी कुणालाच हाक मारली नाही. थोड्या वेळानं तिकडून एकच टक् झालं आणि ट्यूब पेटली. मी तोवर स्वयंपाकघरात होते, चहाचं आधण बघत.

आईंनी विचारलं, "लागली गं?"

"लागली."

"तूच लावली ना?"

मी म्हटलं, "साखर किती घालू?"

*

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं. बटण दाबायचं नाही. नाना उजेडातच पलीकडे जाऊन बसतात, म्हणजे खड्ड्याची भीती तशीही उरली नव्हती. दिवा त्यांचा. त्यांनी लावावा.

ट्रॅक्टर तिथंच उभा होता. दत्तूभाऊ खाली, खड्ड्यात. मी किटली घेऊन दारात उभी राहिले. लिंबू सुकून गेलं होतं.

मारुतीची घंटा वाजू लागली. मी कान देऊन ऐकत होते. टक् होईल, आता होईल.

घंटा वाजायची थांबली.

टक् झालं नाही.

अंधार दाटत गेला. किटलीचा दांडा गरम लागायला लागला. तिकडून काही हालचाल नाही, खोकला नाही, शिंक नाही. माझ्या मनात नको ते येऊन गेलं. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि खड्ड्याची आठवण होऊन तिथंच थांबले.

खड्ड्यातून दत्तूभाऊंचा दबका आवाज आला, "आज काय सुतक हाय का घरात?"

मग ट्रॅक्टरच्या पलीकडून हाक आली.

"सूनबाई."

"काय, नाना?"

"लाव की गं. मी कवाचा हात जोडून हुबा हाय."